न जोडलेला तुकडा

अंधेरी
बुधवार, २० मार्च १९७४

प्रिय कमळ,

हे पत्र तू एकटीने वाच. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेऊ नकोस. चौथीपर्यंतचं शिक्षण फुकट गेलं असं तू नेहमी म्हणतेस, ते आज कामाला येऊ दे. मी अक्षर मोठं काढतोय. वेसावं इथून बसने अर्ध्या तासावर, या रविवारीच मी येऊन जेवून गेलो, आणि आता हा भाऊ पत्र पाठवतो म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही असं तुला वाटेल. खरंच नाहीये. सकाळपासून तीन कागद फाडले. आपल्या गावची सोनूबाई आमच्या स्टुडिओच्या फाटकाबाहेर मासळी घेऊन बसते आणि चारला टोपली उचलते. त्याआधी हे तिच्या हाती द्यायचंय. टपालाने टाकलं तर शनिवारच्या आत मिळेलच असं नाही, आणि शनिवारनंतर मिळून उपयोग नाही.

रविवारी तू माझ्या ताटात तिसरा बोंबील वाढलास आणि येताना पाव आणशील का असं विचारावं तसं विचारलंस, की शनिवारी अमावास्येला पुतळ्याला अग्नी तू देशील ना. सात वर्षांत धर्माचा देह समुद्राने दिला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा. भटजी ठरले, दर्भ आला, धर्माला भाऊ नाही म्हणून मेव्हण्याने द्यावा असं कृष्णाबाईंनीच ठरवलं. त्या म्हातारीचं मला नवल वाटतं. पोटच्या मुलाचा पुतळा जाळायचा, सुनेच्या गळ्यातलं काढायचं आणि अक्षय्य तृतीयेला तिचा मढच्या चंदूशी पाट लावून द्यायचा, हे सगळं तिनेच बोलून दाखवलं. “माझं काय, मी आज हाय, उद्या नाय. पोरीनं किती वर्सं पानी बघत बसायचं?” मी हो म्हटलं. तोंडात घास होता तरी हो म्हटलं.

कमळ, मी तो अग्नी देऊ शकत नाही. का, ते एका वाक्यात सांगता येईल, पण ते वाक्य समोर आलं की पेन खाली ठेवून मी चहाला जातो. आत्ताच जाऊन आलो. तेव्हा आधी पिक्चरचं सांगतो. तू म्हणशील, तुला सदा न् कदा तेच. असू दे. मला जे सांगायचंय ते त्याच वाटेने मला सुचलंय.

तुला गोष्ट माहीतच आहे, नोव्हेंबरात आपल्या किनाऱ्यावर शूटिंग झालं तेव्हा अर्ध्या गावाने ती ऐकली. नायकाची होडी वादळात जाते, बायको वाट बघते. दोन महिने झाले, मी आणि नाना या पिक्चरच्या शेवटच्या रिळाशी झटतोय. नाना म्हणजे आमचे मुख्य एडिटर. पंचवीस वर्षं फिल्म कापतायत, मुलुंडहून सगळ्यांच्या आधी येतात, आणि कुणी फिल्मला हातमोज्याशिवाय हात लावला तर त्याच्या खापरपणजोबापर्यंत पोचतात. पहिल्यांदा आम्ही शेवट केला तो असा, की नायक परत येतो, पाण्यातून धावत सुटतो, मिठी, गाणं, संपलं. स्टुडिओतल्या छोट्या थिएटरात ट्रायल झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घड्याळं बघितली. दिग्दर्शक बाहेर येऊन म्हणाला, “नाना, मजा नहीं आया, यार.” मग नायकाला मारलं. तर निर्मात्याच्या घरच्या एक बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अडीच तास आम्हाला रडवलंत ते या प्रेतासाठी का. त्या पिशवी घेऊन तरातरा निघून गेल्या.

त्या दिवशी नाना माझ्यावरच उखडले, माझा काही संबंध नसताना. म्हणाले, हरेश्वर, रडवणं सोपं असतं, कांदासुद्धा रडवतो. माणूस रडून झाल्यावर खुर्चीतून हलका उठला पाहिजे. तिसऱ्या रिळापासून त्याला काहीतरी हवं असतं, ते त्याला द्यायचंच, नाही दिलं तर तो शिव्या देतो. पण ज्या दारावर तो डोळे लावून बसलाय त्या दारातून द्यायचं नाही. आणि हवं तेव्हा द्यायचं नाही, थोडं उशिराने द्यायचं. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. बारा वर्षं मी त्यांचं लिहून ठेवतोय.

मग मला तुझा शॉट आठवला. शूटिंगच्या दिवशी बाया किनाऱ्यावर उभ्या केल्या होत्या, त्यात तू होतीस. नटीचं काम संपलं होतं आणि आपल्या खऱ्या होड्या परत यायला लागल्या होत्या. कॅमेरावाल्याने सहज तुझ्यावर कॅमेरा धरला. तुला पत्ता नव्हता. अकरा सेकंद तू समोर बघतेस, डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, एका जागी थांबतात, मग तू ओठ घट्ट मिटतेस. बस, एवढंच. मी तो शॉट शेवटी लावला. नटीच्या बाजूला गर्दीत उभी असलेली एक कोळीण. आधी तू, मग लांबून होडीचा ठिपका, मग परत तू. मिठी काढूनच टाकली. मागच्या शुक्रवारी ट्रायल झाली आणि थिएटरात कुणी हललं नाही. त्या पिशवीवाल्या बाईसुद्धा पुन्हा आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून बसल्या. दिग्दर्शकाने मला कडकडून धरलं. नाना फक्त म्हणाले, ही तुझी बहीण ना, आणि चष्मा पुसत बसले. त्यांनी चष्मा पुसला म्हणजे आमच्याकडे पदकच.

मी तीच शाबासकी घेऊन रविवारी तुझ्याकडे आलो होतो. तुला ऐटीत विचारलं, त्या वेळी तू काय बघत होतीस गं? मला वाटलं तू गप्प होशील, डोळे भरतील. तू तव्यावरचा बोंबील उलटत म्हणालीस, “कुनाच्या होडीला किती म्हावरं आलंय ते बघत होते. दुसरं काय? दर पाडून मागायचा तर आधी बघायला नको?” आणि तू एवढी हसलीस की कृष्णाबाई आतून बाहेर आल्या. मीही हसलो. पण बसमध्ये बसल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चाळीस माणसं तुझा चेहरा बघून रडली, आणि ते सगळं त्यांनी घरून आणलेलं होतं. त्यांचं जाऊ दे. मी तुझा सख्खा भाऊ, आणि मीसुद्धा तो शॉट तसाच वाचला होता. सात वर्षं मी समजत होतो की तू वाट बघतेस. कदाचित बघतही असशील. मी तुला कधी विचारलं नाही. आपल्या घरात हे विचारायची पद्धतच नाही.

डोक्यावरून विमान गेलं, शेजारच्या फ्लोअरवर शूटिंग थांबलं, सगळे चहाला उठले. दोन वाजून गेले. आता सांगतो.

वेसाव्यानंतर युनिट जानेवारीत कारवारला गेलं होतं, तिथल्या बंदराचे शॉट घ्यायला. ती फिल्म धुऊन आमच्याकडे आली त्याला आज बरोबर तीन आठवडे झाले. शॉटला आवाज नसतो, नुसतं चित्र. ती बघून, मापून, चिठ्ठ्या लावून ठेवणं हे माझं काम. मशिनवर मी एकटा होतो. बंदर, होड्या, सुकत घातलेली जाळी. एका झापाखाली एक माणूस जाळं विणत बसलाय. डाव्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवलेलं. गाठ मारली की दोर दातात धरतो आणि मान उजवीकडे झटकतो. मी मशिन थांबवलं. असं करणारा माणूस मी एकच बघितलाय, आपल्या ओट्यावर. पण एक लकब दोन माणसांना असू शकते, म्हणून मी पुढे सोडलं. चार-पाच वर्षांची एक पोर डब्यातून चहा घेऊन येते. तो डबा घ्यायला हात पुढे करतो, आणि हातावर गोंदलेलं दिसतं. एकवीरेच्या जत्रेत तू हट्टाने गोंदवून घ्यायला लावलंस ते कमळ, देठ वाकडा आलेलं. तू त्या गोंदणाऱ्या बाईशी भांडली होतीस. मग त्याला कॅमेरा दिसतो. तो सरळ बघतो. मग खाली बघून डोक्यावरचं फडकं पुढे ओढतो आणि पाठ करतो.

धर्मा जिवंत आहे, कमळ. तो कारवारला आहे. पोर त्याच्याजवळ आली ती बापाजवळ येतात तशी आली.

लिहिलं एकदाचं. अक्षर बिघडलंय, पण वाचता येईल.

तो का आला नाही ते मला ठाऊक नाही. पिक्चरमध्ये असतं तर नानांनी मला विचारलं असतं, कारण काय रे, कारण दाखव, नाहीतर लोकांच्या घशाखाली उतरायचं नाही. मी स्वतःला कारणं देऊन बघितली. होडीचा तांडेल तो. आभाळ बिघडलंय, जाऊ नको, असं नाक्यावरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं आणि तो हसून तीन माणसं घेऊन गेला. तिघांची मढी किनाऱ्याला लागली. सोनूबाईचा मुलगा दादू गोराईला मिळाला, एकोणीस वर्षांचा. त्या घरांसमोरून रोज यायचं-जायचं त्याला जमलं नसेल. हे मला पटतं. मग वाटतं, आणि बायको? आई? निदान कुणाच्या हाती चार ओळी? मग मला त्याचा इतका राग येतो की इथली खुर्ची लाथेने उडवावीशी वाटते, आणि राग ओसरला की तो जिवंत आहे याचाच आनंद होतो. त्याने मला पोहायला शिकवलंय गं. दिवसातून दहा वेळा हे असं चाललंय.

आता माझं ऐक. मी काय केलं ते. त्या दिवशी मी शॉट बंद केला, डबीवर चिठ्ठी लावली आणि पिवळ्या पेन्सिलीने ‘एन.जी.’ लिहिलं. आमच्याकडे एन.जी. म्हणजे बाद, वापरायचा नाही. दोन वेळा हात हलला नाही, तिसऱ्यांदा लिहिलं. तोवर चंदूचं ठरत आलं होतं. तो मला आवडतो. तू त्याच्याबद्दल एवढंच म्हणालीस की “बरा हाय, बोलतो कमी, नि बर्फ वेळेवर आणतो,” पण म्हणताना तू दुसरीकडे बघितलंस, आणि इतक्या वर्षांत तू तशी दुसरीकडे बघितलेली मी पाहिली नव्हती. मला वाटलं, हिचा शेवट गोड होतोय. आता कशाला मधे हा तुकडा. मी रोज आठ तास हेच करतो ना, जो तुकडा शेवट बिघडवतो तो उचलून बाजूला खिळ्याला टांगतो. सवयीने मी तुझ्याही बाबतीत तेच केलं. तुझं आयुष्य हे माझ्या टेबलावरचं रीळ आहे असं मी धरून चाललो, आणि वर तीन आठवडे मी फार प्रेमळ भाऊ आहे असंही समजत होतो.

काल नाना बाद डब्या चाळत होते. म्हणाले, हा कारवारचा का टाकलास? चहाची पोर गोड आहे, सातव्या रिळात लावू. तो पडद्यावर लागला असता तर अख्ख्या वेसाव्याने थिएटरात शेंगा खात धर्माला बघितलं असतं, सोनूबाईनेसुद्धा. मी म्हटलं, नाना, त्याच्या निगेटिव्हवर ओरखडा आहे. बारा वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेलो नाही, म्हणून त्यांनी डबी न उघडता बाजूला ठेवली. म्हणजे आता धोका उरला नाही. मी गप्प राहिलो तर हे कुणाला कळायचं नाही. शनिवारी पुतळा जळेल, सगळे आंघोळ करून घरी जातील, तृतीयेला चंदू नवी साडी आणेल.

काल दुपारी नाना जेवायला गेले तेव्हा मी एक वेडेपणा केला. तुझा शॉट काढला, धर्माचा काढला, आणि दोन्ही एकाला एक जोडून मशिनवर लावले. तू बघतेस. तो बघतो. तू ओठ मिटतेस. तो पाठ करतो. पंधरा-वीस वेळा बघितलं. कधी वाटलं तू त्याला ओळखलंस, कधी वाटलं तू त्याला क्षमा केलीस, एकदा तर वाटलं तू त्याच्या होडीला किती म्हावरं आलंय तेच बघतेस. जोड कुठे करतो त्यावर तुझ्या मनातलं बदलत होतं. मी दोन चित्रं कापली की तुझा राग गेला, चार वाढवली की परत आला. तेव्हा मला माझीच भीती वाटली. मी जोड सोडवून टाकला.

सोनूबाईने टोपली आवरली, फाटकातून हाका मारतेय. बायकी आवाजात एवढा दम फक्त आपल्याच गावात असतो. तिला मी काय सांगू, तिच्या टोपलीत मी काय ठेवतोय ते. तुला योग्य वाटलं तर कधीतरी तू सांग, नाहीतर नको.

या पाकिटात पातळ कागदात गुंडाळलेला फिल्मचा तुकडा आहे, अकरा चित्रांचा. धर्मा कॅमेऱ्याकडे बघतो तेवढाच. पोर मी त्यात घेतली नाही, तिचा यात काही दोष नाही. मासळीचे हात धू, ओट्यावर उन्हात ये, कडांना धरून डोळ्यांसमोर धर. तुझा तुकडा मी पाठवत नाही, तुझ्या मनातलं सांगायला तुला तुझं स्वतःचं तोंड आहे. हे पत्र मी तू ठरवावंस म्हणून लिहिलंय; अग्नी देणार नाही असं मी वर म्हटलंय ते अर्धंच खरं आहे. बघून झाल्यावर तू म्हणालीस, हरेश्वर, असा जिवंतपणा माझ्या काय कामाचा, पेटव, तर मी शनिवारी भटजींसमोर पुतळा पेटवीन आणि खोटं वागल्याचं पाप माझ्या अंगावर घेईन. म्हणालीस कारवारला चल, तर तुझ्याबरोबर येईन आणि दारात उभा राहीन. चंदूला सांगायचं असलं तर तेही मी सांगेन. पण तुला ठाऊक नसताना, तू माझ्या शेजारी उभी असताना, मी एकट्याने सगळं जाणून काडी ओढायची, हे माझ्याने होणार नाही. सगळे हलके होऊन घरी गेले असते, कमळ, आणि मी तुझ्या हातचं पुन्हा कधी जेवू शकलो नसतो. शनिवारी पहाटेच्या बसने येतोय. काडेपेटी तू तुझ्याकडे ठेव.

तुझाच भाऊ,
हरेश्वर